अगदी दारापर्यंत

एखाद्या खेड्यास उपनगराची पदवी प्राप्त झाली हे सरकारदरबारी राजपत्रातील अधिसूचनेने सिद्ध होते खरे. परंतु ज्यांस राजपत्र वाचण्याचे व्यसन नाही अशा सामान्य जनांस ही वार्ता, गावात पहिली मोठी इंग्रजी शाळा निघून तिच्या दारावरून सकाळी पावणेनऊस दुधाची पिशवी आणावयास गेलेला मनुष्य सव्वानऊपर्यंत परत येईनासा झाला म्हणजेच कळते. पुण्याच्या पश्चिमेस, मुळेच्या काठाने व टेकड्यांच्या पायथ्याशी जी गावे पिढ्यान्पिढ्या स्वस्थ बसली होती, त्यांपैकी बाणेर-बालेवाडीस हा मान पुष्कळ आधी लाभला; सूस आणि म्हाळुंगे ही २०२१ साली आणखी एकवीस गावांच्या सोबतीने पुणे महापालिकेच्या हद्दीत दाखल झाली. हद्द कागदावर वाढते, तिला शाईपलीकडे खर्च नाही. रस्ता मात्र जमिनीवर वाढवावा लागतो. आणि जमिनीस मालक असतो, मालकास वकील असतो व वकिलास तारीख असते.

या कारणाने आमच्या भागातील शाळा ज्या रस्त्यावर उभी आहे तो रस्ता वस्तुतः रस्ता नव्हेच. ती जुनी पाणंद. शिवारातून गावात येणाऱ्या बैलगाड्यांची ती वहिवाट होती, आणि समोरासमोर दोन गाड्या आल्या असता रिकाम्या गाडीने बांधावर चढून भरल्या गाडीस वाट द्यावी असा तेथील शिरस्ता होता, असे गावातील वृद्ध सांगतात. त्या पाणंदीवर खडी पडली, खडीवर डांबर पडले, डांबरावर काँक्रीट पडले, दुतर्फा बारा-बारा मजल्यांची संकुले उभी राहून त्यांस परदेशी सरोवरांची व फुलांची नावे मिळाली. एवढ्या सर्व उलाढालीत रिकाम्याने भरल्यास वाट द्यावी हा शिरस्ता तेवढा कोठे तरी काँक्रीटखाली राहून गेला. आता सात आसनांची मोटार एका सहा वर्षांच्या बालकास घेऊन येते, आणि ते बालक उतरून गेल्यानंतर ती पूर्ण रिकामी झालेली मोटार चाळीस मुलांनी भरलेल्या बसपुढे तिरकी उभी राहून वर पुन्हा हॉर्न वाजविते. विकास आराखड्यात हाच रस्ता मोठा देखणा आहे. त्यास दोहो बाजूंनी पदपथ आहेत, मध्ये दुभाजक आहे, आणि तो सरळ जाऊन महामार्गास मिळतो. प्रत्यक्षात तो शाळेपासून हाकेच्या अंतरावर एका ज्वारीच्या शेतात जाऊन थांबतो, आणि शेतमालकाचा मोबदल्याचा दावा निकालात निघेपर्यंत तेथेच थांबणार आहे.

शाळेची पहिली घंटा नवास होते. साडेआठपर्यंत त्या रस्त्याच्या मध्यभागी एक तांबूस कुत्रे निर्धास्त निजलेले असते. ते उठून इस्त्रीवाल्याच्या टपरीखाली गेले म्हणजे आठ चाळीस झाले असे तो इस्त्रीवाला समजतो, आणि आजवर तो एकदाच काय तो फसला आहे. प्रथम दुचाक्या येतात. पुढे एक अपत्य उभे, मागे दुसरे बसलेले, दोहोंच्या मध्ये माता अथवा पिता, एक दप्तर पायांशी, दुसरे पाठीवर, आणि डब्यांच्या पिशव्या दोन्ही हातांच्या मनगटांस, अशी ती रचना असून एवढ्या सामग्रीनिशी ते वाहन ज्या फटीतून निघून जाते ती फट पाहून तीतून मांजर तरी जाईल काय अशी शंका यावी. चार वर्षांवरील प्रत्येकाच्या मस्तकावर हेल्मेट असले पाहिजे असा मोटार वाहन कायद्याचा दंडक आहे. हेल्मेट असतेही, पण ते कोपरात अडकविलेले असते, आणि पुणेकराच्या देहावरील हेल्मेटचे परंपरागत स्थान कोपर हेच असल्यामुळे त्याविषयी कोणी फारसे बोलत नाही.

त्यामागून मोटारी येतात आणि मग काही काळ काहीच येत नाही व काहीच जात नाही. या स्तब्धतेत निरीक्षणास भरपूर अवकाश मिळतो. परवा एका पांढऱ्या मोटारीच्या मागल्या आसनावर एक चिरंजीव एका पायात मोजा घालून, दुसरा मोजा मांडीवर ठेवून पराठ्याच्या अखेरच्या घासाशी झगडत होते. दार उघडलेले, मातोश्री पुढील आसनावरून मागे वळून हातात पाण्याची बाटली धरून बसलेल्या, आणि "तो घास संपव, मग उतर" ही आज्ञा सुटलेली. तो घास घशाखाली उतरेपर्यंत मागे बाणेरच्या दिशेने गेलेली सारी रांग, तीतील दोन बसगाड्या, एक पाण्याचा टँकर, एक रुग्णवाहिका आणि हिंजवडीस नवाच्या बैठकीस निघालेले अनेक अभियंते त्या पराठ्याकडे डोळे लावून होते.

तेथे चकाकत्या पट्ट्यांचे जाकीट घातलेला एक वॉर्डन नेमलेला आहे. त्याच्यापाशी एक शिट्टी आहे आणि अधिकार मुळीच नाही.

"ओ साहेब, गाडी पुढं घ्या!" तो म्हणतो.

काच चार बोटे खाली येते. "मुलगी उतरतेय ना? दिसत नाही का? दोन मिनिटं!"

"अहो, मागं बघा की लाइन कुठवर गेलीय ती."

"मग ते मागच्यांना सांगा ना. मी तर पुढेच आहे."

या उत्तरातील तर्क निर्दोष असल्यामुळे वॉर्डन पुढच्या गाडीकडे वळतो. ज्यांस एवढाही संवाद नको असतो ते मोटारीचे चारी दिवे लुकलुकत सोडून खाली उतरतात. हे दिवे वस्तुतः वाहन नादुरुस्त झाल्याची वर्दी देण्यासाठी बसविलेले असतात. आमच्याकडे मात्र ते लावले असता वाहन जेथे असेल ती जागा तेवढ्या वेळेपुरती वाहनमालकास इनाम मिळते अशी सार्वत्रिक समजूत आहे. असे दिवे लावून, मुलीस वर्गापर्यंत पोहोचवून, वर्गशिक्षिकेशी सहलीच्या वर्गणीविषयी चार शब्द बोलून शांतपणे परत येणारे गृहस्थ मी पाहिले आहेत; आणि परत आल्यावर पुढे जावयास वाट नाही असे पाहून महापालिकेच्या नावाने बोटे मोडणारेही तेच गृहस्थ.

या प्रकरणात नियोजनाचा अभाव आहे असे सर्वजण म्हणतात. माझ्या मते त्यात त्रैराशिकाचा अभाव आहे. समजा, शाळेत दोन हजार मुले आहेत आणि त्यांतील चौथा हिस्सा, म्हणजे पाचशे, प्रत्येकी एका मोटारीतून येतो. शाळेच्या दर्शनी भिंतीची लांबी साठ मीटर धरली तर पुढेमागे अंतर सोडून भिंतीस लागून एका वेळी दहा मोटारी उभ्या राहतील. प्रत्येक मोटार आपली ती सुप्रसिद्ध दोन मिनिटे घेईल. म्हणजे दोन मिनिटांत दहा मुले, या दराने पाचशे मुले उतरावयास शंभर मिनिटे हवीत. आणि आठ चाळीसला आरंभ केला तर अखेरचे मूल दहा वाजून वीस मिनिटांनी, बहुधा तिसऱ्या तासाच्या मध्यास, शाळेत पाऊल टाकील. रस्ता दुप्पट रुंद केला तरी भिंत साठ मीटरच राहते. हीच पाचशे मुले चाळीस आसनांच्या बसमधून आणली तर तेरा बसगाड्यांत मावतात. हा हिशेब चौथीतल्या मुलास सुटतो. त्यास शाळेत सोडावयास येणाऱ्या बापास, तो व्यवसायाने हिशेबनीस असूनही, सुटत नाही, याचे कारण असे की प्रत्येक पालक स्वतःच्या दृष्टीने पालक असतो आणि बाकीचे चारशे नव्याण्णव हे ट्रॅफिक असते. त्यास विचारावे की मूल चालत का पाठवीत नाही, तर तो म्हणतो, रस्त्यावर मोटारी किती आहेत पाहा. आणि हे तो ज्या आसनावरून म्हणतो ते आसन मोटारीचे असते.

आता मूल चालत जाईल एवढ्या अंतरावर शाळा असते काय, हा प्रश्न उरतो. शिक्षण हक्काच्या नियमांत पहिली ते पाचवीच्या मुलास एक किलोमीटरच्या आत व सहावी ते आठवीच्या मुलास तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी अशी तजवीज आहे. पण आमच्या उपनगरात जवळची शाळा ही ती जवळ असल्याच्या एकमेव दोषामुळेच नापसंत होते. बाणेरची मुले वाकडास जातात, वाकडची बाणेरास येतात, आणि दररोज सकाळी पुलावर परस्परांस पाहून हात हालवितात. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघाले तेव्हा पेठांतील मुले तेथे पायी जात. पुढे पुण्यास सायकलींचे शहर म्हणू लागले तेव्हा ती सायकलीने जाऊ लागली, आणि शाळेत पोहोचविण्यास बाप आला तर तो मुलाच्या अपकीर्तीचा विषय होत असे. गल्ल्या तेव्हाही अरुंदच होत्या.

त्यात वेळेची भर पडली. चौथीपर्यंतच्या मुलांची शाळा सकाळी नऊपूर्वी भरवू नये असा आदेश राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला. हेतू उत्तम होता. बालकांस झोप पुरी मिळावी, हे कोणासही नाकारता येणार नाही. बसमालकांनी मात्र त्याच वेळी कुरकुर केली होती की सातास मोकळे असणारे रस्ते नवास मोकळे नसतात. पूर्वी सातची शाळा आणि नऊची कचेरी यांच्यामध्ये दोन तासांचा खंदक होता. तो बुजला, आणि चिमुकली बाळे व हिंजवडीचे संगणक अभियंते एकाच घटकेस एकाच पाणंदीत उतरले. बालकास झोप पुरी मिळते. ते ती गाडीतही पुढे चालू ठेवते.

या सर्व गर्दीत ज्यांच्यावर पालकांचा रोष सर्वाधिक असतो ती दोन वाहने म्हणजे शाळेची बस आणि रिक्षा, आणि वास्तविक तीच दोन वाहने तेथे असण्यास लायक आहेत. बस पिवळी असते, कारण १९३९ साली न्यूयॉर्कच्या एका परिषदेत अमेरिकेतील शिक्षणाधिकाऱ्यांनी असे ठरविले की पहाटेच्या अंधुक उजेडात पिवळ्यावरील काळी अक्षरे लवकर वाचता येतात. आमच्या रस्त्यावर बस एका ठिकाणी इतका वेळ उभी असते की अक्षरे कोणत्याही रंगाची असती तरी पाठ झाली असती. आणि रिक्षावाले काका! त्यांच्या रिक्षात मावू नयेत इतकी मुले असतात, दप्तरे बाहेर टांगलेली असतात, त्याबद्दल त्यांस दंडही होतो आणि तो योग्यच आहे. पण त्यांस प्रत्येक मुलाचे नाव, त्याची तुकडी, त्याच्या डब्यातील भाजी आणि आज त्याचे कोणाशी भांडण आहे हे ठाऊक असते. ते दारापाशी थांबत नाहीत. कोपऱ्यावर उतरवून, "चला, हात धरा एकमेकांचे" एवढे म्हणून ते सारी टोळी फाटकाकडे रवाना करतात आणि अर्ध्या मिनिटात दिसेनासे होतात. वाहतूक नियंत्रणावर आमच्या भागात जे एकमेव शास्त्रशुद्ध काम होते ते हे, आणि ते करणाऱ्या मनुष्यास सभेचे निमंत्रण नव्हते.

सभा झाली हे सांगावयाचे राहिलेच. शाळाबस नियमावली २०११ सालापासून सांगते की प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी आणि तीत पालक, पोलीस व परिवहन खाते यांचे प्रतिनिधी असावेत. या आधारे एका शनिवारी विचारविनिमय झाला. एका सेवानिवृत्त तहसीलदारांनी, ज्यांची नात तिसरीत आहे, प्रथम रस्त्याची चतुःसीमा निश्चित करावी, नंतर पंचांसमक्ष पंचनामा व्हावा, वहिवाटदारांस नोटिसा काढून हरकती मागवाव्यात, हरकतींची सुनावणी होऊन मग हुकूम व्हावा, अशी रीतसर कारवाई सुचविली; तोवर नात महाविद्यालयात जाईल असे मागून कोणी तरी बोलले. एका तरुण अभियंत्याने मोबाइलवर नकाशा काढून दाखविला. आडनावाच्या आद्याक्षराप्रमाणे प्रत्येक पालकास वेळ नेमून द्यावी, म्हणजे 'अ' ते 'क' यांनी आठ वीसला यावे, अशी त्याची योजना होती. तिच्यावर एका आपटे आडनावाच्या गृहस्थांनी तीव्र आक्षेप घेतला: हजेरीपटात जन्मभर पहिले आम्हीच, तोंडी परीक्षेस पहिले आम्हीच, आता उठावयाचेही पहिले आम्हीच काय? एका बाजूने जाऊन दुसऱ्या बाजूने निघावे ही एकेरी वाहतुकीची सूचना सर्वांस पटली; फक्त दुसरी बाजू ज्यांच्या संकुलावरून जात होती त्यांस पटली नाही. एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलांनी पायीच यावे हा ठराव तर टाळ्यांच्या गजरात एकमताने संमत झाला. हजर असलेले सर्व सभासद सव्वा किलोमीटरवर राहतात असे नंतर निष्पन्न झाले.

कंपनीच्या कामानिमित्त काही वर्षे जपानात राहून आलेल्या एका बाईंनी सांगितले की तिकडे सहा-सहा वर्षांची मुले पिवळ्या टोप्या घालून गटागटाने पायी शाळेस जातात, पुढे वरच्या वर्गातले एक मूल म्होरक्या असते, आणि आईबाप घरीच असतात. सभेत क्षणभर शांतता पसरली. मग "तिकडची गोष्ट वेगळी" असे कोणी तरी म्हणाले आणि सर्वांस बरे वाटले. जपानात भूकंप होतात, वादळे होतात, हिमवर्षाव होतो, आणि मुले चालत जातात. आमच्या कोपऱ्यावर एक केळ्यांची हातगाडी आहे. इटलीत बोल्झानो नावाच्या गावाने शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळेपुरते शाळेपुढचे रस्ते मोटारींस बंद केले, आणि आज लंडनमध्ये असे शेकडो रस्ते आहेत. हॉलंडचे लोक काही उपजत सायकलस्वार नव्हते. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर तीन हजारांवर माणसे दगावली आणि त्यांत चारशेंहून अधिक मुले होती, तेव्हा तेथील आईबाप मोटारीतून खाली उतरून रस्त्यावर बसले. त्यांनी रस्ता रुंद करून मागितला नाही.

आमच्याकडे असे काही होणे नव्हते, तथापि गेल्या श्रावणात दैवाने ते घडवून आणले. शाळेच्या रस्त्याखालची जलवाहिनी फुटली. महापालिकेने औषधांच्या दुकानाच्या कोपऱ्यावर लोखंडी अडसर लावून रस्ता खणला, आणि कोणत्याही मोटारीस पुढे जाता येईना. पहिल्या दिवशी हाहाकार झाला. दुसऱ्या दिवशी पालक कोपऱ्यावर थांबू लागले आणि मुले उतरून, खड्ड्याच्या कडेने, मातीच्या ढिगावर चढून-उतरून, सुमारे तीनशे पावले चालत शाळेस जाऊ लागली. जेसीबी यंत्र कसे खोदते हे पाहावयास मिळत असल्यामुळे ती वेळेआधी घरून निघू लागली. पराठ्याचे चिरंजीवही मी पाहिले. दोन्ही मोजे पायांत होते आणि दोन्ही चिखलात बुडालेले होते, व तोंडात घास नसून ते एका मित्रास जेसीबीविषयी मोठमोठ्याने काही समजावून सांगत होते. घंटा नवास झाली तेव्हा मुले वर्गात होती. वॉर्डनने शिट्टी खिशात घालून चहा घेतला. तांबूस कुत्रे टपरीखालून बाहेर येऊन सव्वानऊपर्यंत पुन्हा निजले होते, आणि इस्त्रीवाल्याचा वेळेचा हिशेब प्रथमच चुकला.

इकडे पालकवर्ग स्वस्थ नव्हता. कोमल बालकांस चिखलातून चालावे लागते ही तक्रार लेखी, तोंडी, दूरध्वनीने आणि छायाचित्रांसह क्षेत्रीय कार्यालयात दाखल झाली, वर्तमानपत्रात चिखलाने भरलेल्या बुटांचे चित्र छापून आले, आणि ज्या खात्याने ज्वारीच्या शेतापुढचा रस्ता वर्षानुवर्षे तसाच ठेवला आहे त्याच खात्याने जलवाहिनी सांधून, खड्डा बुजवून, वर काँक्रीट ओतून आठवड्याच्या आत रस्ता खुला केला. लोकजागृतीचा एवढा तात्काळ परिणाम मी अन्यत्र पाहिलेला नाही. दुसऱ्या दिवशी आठ चाळीसला रांग बाणेरच्या दिशेने पूर्ववत गेली होती.

यास्तव मी क्षेत्रीय कार्यालयाकडे अर्ज केला आहे की, शाळेपुढील जलवाहिनी कामकाजाच्या प्रत्येक दिवशी सकाळी साडेआठ ते सव्वानऊ आणि दुपारी शाळा सुटण्याच्या वेळी अर्धा तास फुटलेली समजण्यात यावी. तेवढ्या वेळेपुरता लोखंडी अडसर औषधांच्या दुकानाच्या कोपऱ्यावर लावण्याचा हुकूम व्हावा. शाळेच्या बस, रुग्णवाहिका, दिव्यांग मुलांस आणणारी वाहने आणि संकुलांतील रहिवासी यांस मुभा असावी. आणि अडसराची किल्ली वॉर्डनच्या स्वाधीन करून त्यास शिट्टीखेरीज काही तरी अधिकार प्राप्त करून द्यावा. अर्जास आवक क्रमांक मिळाला आहे. त्याची एक प्रत त्याच औषधांच्या दुकानात ठेवली असून रिक्षावाल्या काकांची सही तीवर पहिली आहे. आमच्या भागातील वाचकांनी सवडीने जाऊन आपली सही करावी. जाताना मोटार नेऊ नये, दुकानापुढे जागा नाही.